फोंड्यातील एका समुपदेशन केंद्राची थकबाकी

हे प्रकरण माझ्या एका तरुण सहकारी समुपदेशिकेचे आहे. गोव्यातल्या फोंडा शहरात, तिस्क या भागापासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांमध्ये ती २०२१ पासून स्वतंत्रपणे समुपदेशन करते. मी पणजीत एकोणीस वर्षे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करीत असून, महिन्यातून दोनदा ती आपल्या कामाच्या पर्यवेक्षणासाठी माझ्याकडे येते. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. तिची आणि तिच्याकडे येणाऱ्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. हिशेबाचे आकडे मात्र तिच्या खातेवहीत होते तसेच ठेवले आहेत.

एप्रिल २०२४ मधल्या एका भेटीत, दोन रुग्णांविषयी बोलून झाल्यावर, ती उठता उठता म्हणाली, "बाई, या महिन्याचं भाडं मी घरातून दिलं." मला आश्चर्य वाटले, कारण तिची वही गच्च भरलेली असते हे मला ठाऊक होते. नवीन माणसाला दोन-अडीच आठवडे थांबावे लागत असे. शाळेतली कंत्राटी नोकरी सोडून तिने हे केंद्र सुरू केले तेव्हा "फोंड्यात कोण येणार समुपदेशनाला?" असे तिच्या घरच्यांनी विचारले होते, आणि लोक आले होते. लोक येत असताना भाड्याला पैसे पुरू नयेत, याचा उलगडा आम्हा दोघींनाही त्या क्षणी करता आला नाही. पुढच्या भेटीला येताना तिने जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांची भेटींची वही आणि खातेवही दोन्ही आणावीत, असे आम्ही ठरवले.

त्या तेरा आठवड्यांत तिने आठवड्याला २४ प्रमाणे भेटींच्या ३१२ वेळा राखून ठेवल्या होत्या. एका सत्राची फी १,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १,०४,००० रुपये यायला हवेत, हा हिशेब तिच्या मनात होता आणि याच हिशेबावर तिने मदतनीस ठेवली होती. प्रत्यक्षात सत्रे झाली २२१. उरलेल्या ९१ वेळांपैकी ५२ वेळा आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी "आज जमत नाही" असा निरोप आला आणि ३९ वेळा काहीच न कळवता माणूस आला नाही. झालेल्या २२१ सत्रांपैकी १५० सत्रांची पूर्ण फी मिळाली, ३८ सत्रांना तिने निम्मी फी घेतली आणि ३३ सत्रांपुढे "नंतर" एवढाच शब्द लिहिलेला होता. हाती आलेली रक्कम १,६९,००० रुपये, महिन्याला सुमारे ५६,३००. भाडे, अर्ध्या दिवसाची मदतनीस, वीज, इंटरनेट, पर्यवेक्षणाची फी आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला ३१,००० रुपये जात होते. शिल्लक राहत होती ती २५,००० च्या थोडी वर, आणि तीही सलग नव्हे. मार्चमध्ये शिगमा आणि परीक्षा यांमुळे भेटी कमी झाल्या आणि तिथेच भाडे अडले.

त्यानंतर मी तिला दोन आठवडे आपले सगळे तास लिहून काढायला सांगितले. सत्र पन्नास मिनिटांचे असते. पण सत्रानंतरच्या नोंदी, शाळेला द्यायची पत्रे, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे, रिकाम्या गेलेल्या वेळी "आता येईल, मग येईल" म्हणून वाट पाहणे आणि रात्री साडेदहापर्यंत व्हॉट्सॲपवर दिलेली उत्तरे असे सगळे धरून आठवड्याला ३६ तास भरले. शिल्लक रकमेला या तासांनी भागले तेव्हा तासाला १६२ रुपये आले. तो आकडा तिने वहीत लिहिला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि काही न बोलता वही मिटली.

इथपर्यंत हे एखाद्या लहान व्यवसायाच्या ढिसाळ वसुलीचे प्रकरण वाटेल. मलाही तसेच वाटत होते. "नंतर" लिहिलेल्या ३३ ओळी आम्ही एकेक करून पाहू लागलो तेव्हा त्यांतल्या सहा ओळी एकाच बाईच्या नावावर निघाल्या, आणि त्या बाईची हकीकत ऐकल्यावर या प्रकरणाचा माझा विचार बदलला.

ही बाई चाळिशीतली, एकत्र कुटुंबातली, घरी मसाले आणि पापड करून बाजारात देणारी. झोप नाही, जेवणावर वासना नाही, सकाळी उठवत नाही, अशी अवस्था घेऊन ती नोव्हेंबरमध्ये आली. पहिल्या चार भेटींचे पैसे तिने दिले. पाचव्या भेटीत पर्स उघडून ती अवघडली तेव्हा माझी सहकारी मनापासून म्हणाली, "असू दे हो ताई, नंतर द्या." पुढच्या भेटीतही तेच झाले. सहाव्या थकीत सत्रापर्यंत ती बाई बरीच सुधारली होती. पुन्हा बाजारात जाऊ लागली होती. मात्र त्याच सुमारास ती उशिरा येऊ लागली, सत्रात आपल्या दुखण्यापेक्षा माझ्या सहकारीच्याच तब्येतीची चौकशी करू लागली, आणि एकदा घरचे पापड घेऊन आली. सहकारीने ते आनंदाने घेतले. पापडांचा अर्थ तेव्हा दोघींपैकी कोणालाच कळला नसावा. माझ्या मते ती बाई आपले देणे फेडण्याची वाट शोधत होती. दुःख सांगायला जिच्याकडे यायचे तीच आता तिची सावकार झाली होती, आणि सावकारासमोर माणूस रडत नाही.

मग ती यायची थांबली. आठ-दहा दिवसांनी मदतनिसाने, थकबाकीची यादी पाहून, चांगल्याच हेतूने, न विचारता, कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावला. तो फोन घरात सगळ्यांचा होता. उचलला तो जावेने. "फोंड्याहून समुपदेशन केंद्रातून बोलते, सहा वेळचे पैसे राहिलेत," एवढे वाक्य मदतनीस बोलली. ती बाई समुपदेशनाला जाते हे घरात कोणालाही माहीत नव्हते. बुधवारी ती माल पोचवायला जाते असे सांगून येत असे. संध्याकाळी तिचा एकच निरोप आला की, पुन्हा फोन करू नका, पैसे मी आणून देईन. त्यानंतर ती आली नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मे २०१८ पासून देशभर लागू आहे, आणि त्याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. माझ्या सहकारीला हे कलम पाठ होते. तिच्या नोंदींचे कपाट कुलूपबंद असते, संगणकाला सांकेतिक शब्द आहे, मदतनीस फायली उघडत नाही. तरीही गोपनीयता फुटली ती वसुलीच्या वाटेने, कारण तो भाग "धंद्याचा" म्हणून उपचारांपासून वेगळा, कमी महत्त्वाचा आणि म्हणून कोणत्याही नियमाविना राहिला होता. यात माझीही चूक आहे. दोन वर्षे मी तिच्या सत्रांमधला शब्द न् शब्द तपासत होते. फी कशी सांगतेस, थकली तर काय करतेस, फोन कोणाच्या क्रमांकावर जातो, हे एकदाही विचारले नव्हते. पैशांविषयी बोलणे पर्यवेक्षणाच्या खोलीत शोभत नाही असा एक अव्यक्त संकोच आमच्या क्षेत्रात आहे, आणि मी तो तसाच पुढे दिला होता.

त्यानंतरचे काम आम्ही या हकिकतीला धरूनच केले. फीविषयीचा करार हा उपचारांचाच भाग आहे. तो सुरुवातीलाच, तोंडी आणि लेखी, स्पष्ट झाला नाही तर त्याची पहिली किंमत रुग्ण मोजतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

आरंभी माझ्या सहकारीने इंटरनेटवरून घेतलेल्या एका नमुन्यावरून नियमांचा कागद तयार केला. त्यातले एक वाक्य होते, "२४ तासांच्या आत भेट रद्द केल्यास पूर्ण शुल्क आकारले जाईल." मी तिला ते वाक्य समोर रुग्ण बसला आहे असे समजून मोठ्याने म्हणायला सांगितले. तिला ते म्हणता येईना. जे वाक्य समुपदेशकाच्या तोंडून निघत नाही ते भिंतीवर लावण्यात अर्थ नव्हता. शिवाय भेटींच्या वहीचा समास वेगळीच गोष्ट सांगत होता. मदतनिसाने न येण्याची कारणे जमेल तशी तिथे लिहून ठेवली होती, आणि निरोप देऊन न आलेल्या ५२ पैकी २९ नोंदींपुढे "शिफ्ट" असा शब्द होता. कुंडई आणि बेतोडा इथल्या औद्योगिक वसाहतींमधले कामगार तिच्याकडे बरेच येतात. त्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते आणि ते शनिवारी कळते. पण भेट मात्र महिनाभर आधी "दर मंगळवारी सहा वाजता" अशी ठरलेली असे. या लोकांकडून दंड घेणे अन्यायाचे झाले असते. न येण्यामागे उपचारांविषयीची टाळाटाळ असते, असे आम्हाला शिकवले जाते आणि काही वेळा ते खरेही असते, परंतु इथे निम्म्याहून अधिक वेळा ती कारखान्याच्या सूचनाफलकावरची चिठ्ठी होती.

म्हणून शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी आठवड्यातल्या सहा वेळा मोकळ्या ठेवल्या आणि त्यांनी रविवारी संध्याकाळी सातपर्यंत आपली वेळ कळवायची असे ठरले. इतरांसाठी कागदावर हे शब्द आले: "ही वेळ फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येईल. न कळवता राहिलात तर पहिल्या वेळी काही घेणार नाही, पुढच्या वेळी निम्मी फी घेईन." हे तिला म्हणता आले. कागद मराठीत आणि देवनागरी कोकणीत असा दोन्ही भाषांत छापला, कारण लोक तिच्याकडे बोलतात कोकणीत आणि वाचतात बहुधा मराठीत. पहिल्या भेटीत ती तो स्वतः वाचून दाखवते. त्याच भेटीत ती आणखी तीन गोष्टी विचारून लिहून घेते: फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, तो दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे आणि संदेश पाठवायचा की नाही. मदतनिसाने पैशांसाठी कोणालाही फोन करायचा नाही हा नियम केला. तिच्या क्यूआर कोडवर पैसे भरले की समोरच्याच्या मोबाइलवर "समुपदेशन केंद्र" असे नाव उमटत असे आणि ते खाते पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कोणाचे असे. तिथे आता तिचे स्वतःचे नाव दिसते.

सवलतीचा प्रश्न सर्वांत अवघड होता आणि त्यावर आमचे दोन भेटींमध्ये एकमत झाले नाही. तिचे म्हणणे असे की, मी नाही म्हटले तर या माणसांना दुसरे कोण पाहणार? ही कळकळ खरी आहे, पण गोव्यात त्या प्रश्नाचे उत्तर "कोणीच नाही" असे नाही. बांबोळीला इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्युमन बिहेवियर ही सरकारी संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. या प्रकरणाला सर्वांत उपयोगी पडले ते मात्र गोव्यातच झालेले एक संशोधन. संगत या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्यासाठी एक संक्षिप्त उपचारपद्धती तपासली, आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही सत्रे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींनी घेतली, एका रुग्णाला सहा ते आठ सत्रे दिली गेली, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत नैराश्य कमी झाल्याचे दिसले. उपचारांची लांबी आधी आखून काम करता येते, हे आमच्याच आरोग्य केंद्रांमध्ये सिद्ध झालेले असताना, माझी सहकारी मात्र "बघू किती लागतात ते" असे सांगून सुरुवात करीत होती. किती वेळा यावे लागेल हे माहीत नसलेला माणूस पैशांची तरतूद करू शकत नाही. पाचव्या भेटीला त्याची पर्स रिकामी निघते आणि दोघेही अवघडतात.

त्यामुळे आता ती पहिल्या भेटीच्या शेवटी सहा सत्रांचा आराखडा सांगते, एकूण खर्चाचा आकडा उच्चारते आणि हे जमेल का असे विचारते. जमत नसेल तर ४०० रुपये फीच्या चार वेळा आठवड्याला ठेवलेल्या आहेत. सवलत मिळणार की नाही ते त्याच दिवशी ठरते, सहा सत्रांपुरते ठरते आणि कोणालाही पर्स उघडून ते सिद्ध करावे लागत नाही. चारही वेळा भरलेल्या असतील तर ती बांबोळीचा पर्याय सांगते, चिठ्ठी देते आणि माणूस तिथे पोचला का हे पुढच्या आठवड्यात, त्याने दिलेल्या क्रमांकावर, विचारते. नवीन रुग्णांसाठी फी १ मे २०२४ पासून १,२०० रुपये झाली. जुन्यांना डिसेंबरपर्यंत १,००० च ठेवली. रिकाम्या वेळा भरून काढण्यासाठी आठवड्याच्या वेळा वाढवाव्यात असे तिला वाटत होते. मी उलट आग्रह धरला आणि त्या २४ वरून २० वर आणल्या.

मधल्या काळात एका खासगी दवाखान्याकडून तिला प्रस्ताव आला होता की, आम्ही रुग्ण पाठवू, प्रत्येक सत्रामागे ठरावीक टक्के आम्हाला द्या. भाडे थकलेल्या माणसाला असा प्रस्ताव मोहात पाडतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेने, म्हणजे २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या विनियमांनी, रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली घेणे किंवा देणे निषिद्ध ठरवले आहे. ती स्वतः डॉक्टर नसली तरी त्या व्यवहाराची दुसरी बाजू डॉक्टरची होती. तिने नकार दिला आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

कराच्या बाबतीत फारसे काही निघाले नाही. सेवा व्यवसायासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे आणि तिची जमा सात-साडेसात लाखांच्या आसपास होती. एक गोष्ट मात्र हाती लागली. २०२३-२४ मध्ये एका कंपनीत घेतलेल्या कार्यशाळांच्या ४८,००० रुपयांतून १० टक्के दराने ४,८०० रुपये उद्गम कर (टीडीएस) कापला गेला होता आणि विवरणपत्र भरल्याविना तो परत मिळत नाही हे तिला ठाऊक नव्हते. ३१ जुलैच्या आत विवरणपत्र भरले आणि ती रक्कम खात्यात आली. पाटीवर तिने "समुपदेशक" एवढेच लिहिले आहे, ते योग्यच आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा हिशेब आम्ही ऑक्टोबरमध्ये केला. चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, आठवडा तिने या वेळी आधीच जाहीर करून बंद ठेवला. एरवी ती केंद्र उघडून बसे आणि कोणी येत नसे, कारण त्या दिवसांत सगळे मूळ घरी जातात. बारा आठवड्यांत राखलेल्या वेळा २४०, झालेली सत्रे २०२. त्यांपैकी ४४ सवलतीची, ९६ जुन्या फीची, ६२ नव्या फीची. न आलेल्या ३८ पैकी ९ जणांकडून निम्मी फी घेतली आणि त्यांतल्या एकानेही येणे थांबवले नाही. थकबाकी ३,००० रुपये. हाती आले १,८९,५००, खर्च ९६,००० आणि शिल्लक ९३,५००. आठवड्याचे तास ३६ वरून ३० वर आल्यामुळे तासाचे २६० रुपये पडले. ही रक्कम मोठी नाही. एका शिक्षित, प्रशिक्षित व्यावसायिकाच्या कामाचे हे मोल अपुरेच आहे, आणि भाडे पुढच्या वर्षी वाढणार आहे. तरी रात्री साडेसातनंतरचे व्हॉट्सॲप आता बंद असते, आणि पर्यवेक्षणाला ती येते तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा ओढलेला नसतो.

पापडवाल्या बाईंचे काय करायचे, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. थकबाकी माफ केली हे कळवावे तर कोणत्या वाटेने? फोन करू नका असे तिने स्वतः सांगितले होते, पत्र घरातले दुसरे कोणी उघडण्याची शक्यता होती, आणि ओळखीच्या कोणाकडून निरोप देणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे. अखेर काहीच न कळवण्याचा निर्णय झाला. जुलैपर्यंत बुधवारची ती वेळ माझ्या सहकारीने कोणालाही कायमची दिली नाही. मग तिथे शिफ्टवाल्यांची वेळ बसवली.

डिसेंबरमध्ये एका जत्रेत, देवळाच्या बाहेरच्या फेरीत, ती बाई तिला जावेबरोबर दिसली. बाहेर भेट झाली तर आपण ओळख दाखवायची नाही, समोरच्याने दाखवली तरच बोलायचे, हा आमचा नियम आहे. माझी सहकारी खाज्यांच्या दुकानापाशी थांबली आणि नजर खाली ठेवून उभी राहिली. त्या दोघी तिच्या शेजारून गेल्या. सहा सत्रांचे ६,००० रुपयांचे येणे ३१ मार्च २०२५ रोजी खातेवहीत शून्य करण्यात आले. फाइल कपाटात आहे.